पडद्यावरचा पाहुणा

अमारा, १८ नोव्हेंबर २०२१

इब्तिहाल आत्या, सलाम.

मी हनादी, तुझ्या काझिमदादाची. तू नवऱ्याबरोबर इंग्लंडला गेलीस तेव्हा मी चार वर्षांची होते आणि तुझ्या अबायाचं टोक सोडत नव्हते म्हणे. दर ईदला आपण फोनवर बोलतो, पण ते कसलं बोलणं? स्पीकर लावून अख्खं घर कान देऊन बसतं. तू विचारतेस, "मोठी झालीस का गं?" मी म्हणते, "झाले." म्हणून ही मेल. ही माझ्याशिवाय कुणी उघडत नाही.

बारावीच्या सरकारी परीक्षेत मला सत्त्याण्णव टक्के पडले. आपल्याकडे सत्त्याण्णव म्हणजे डॉक्टर, त्यात विचारायचं काय! जरा कमी पडले तर दातांचा डॉक्टर, आणखी कमी पडले तर इंजिनियर, त्याखाली ज्याचं त्याचं नशीब. तुला काय शिकायचंय, असं कुणी विचारतच नाही. मला पाणी शिकायचंय. नदीचं, आपल्या दलदलीचं, जमिनीखालचं. हे बोलले तर जब्बारकाका म्हणाले, "सत्त्याण्णव पाडून पोरगी पखालवाली होणार!" सगळे हसले. बाबा हसले नाहीत.

खरी गोष्ट आता सांगते. काकांचा सज्जाद माझ्यासाठी ठरलेला आहे, तुला माहीत आहेच. चुलतभावाचा हक्क पहिला, आणि काकांनी नाही म्हटलं तर मला मागणी घालायला या गावात दुसरं कुणी धजणार नाही. आई गेल्यापासून बाबांनी काकांचा एकही शब्द मोडला नव्हता. या वेळी मोडला. दिवाणखान्यात एवढा आवाज झाला की गल्लीला वीज पुरवणारा जनरेटरवाला चौकशीला आला. शेवटी ठरलं ते असं: पुढच्या सफर महिन्याच्या आत मी इंग्लंडच्या विमानात बसले, तर काका हक्क सोडतील. नाही बसले, तर मुहर्रम आणि सफर हे दुखवट्याचे दोन महिने संपले की सज्जादशी निकाह.

बाबा विचारतात, तिथल्या युनिव्हर्सिटीत आपलं कोण आहे? त्यांनी तिकडे निघालेल्या अबू सबाहच्या मुलाबरोबर खजुराचा डबा आणि सुकी लिंबं पाठवलीत. मोठ्या साहेबांना दे म्हणाले.

तुझी हनादी


बार्न्सली, २९ नोव्हेंबर

हनादी पोरी, तुझ्यावरून जीव ओवाळून टाकते! सत्त्याण्णव! अगं, तुझा बाप आणि जब्बार, दोघांचे मिळून कधी सत्त्याण्णव झाले नव्हते.

खजूर पोचला. मोठ्या साहेबांच्या वतीनं मी आणि शेजारच्या पोलिश बाईनं खाल्ला, फार छान होता. दादाला सांग, इथं वशिला नाही. आहे म्हणतात, पण तो आपल्यासारख्यांना मिळत नाही आणि खजुरावर तर नाहीच.

आता नीट ऐक. इथली पोरं सोळाव्या वर्षी बाकी सगळं सोडून तीनच विषय धरतात आणि दोन वर्षं तेच रगडतात. मग युनिव्हर्सिटी तीन वर्षांची. आपण बारावीपर्यंत सगळंच थोडं थोडं पाठ करतो, म्हणून आपले सत्त्याण्णव इथं सरळ चालत नाहीत. बाहेरून येणाऱ्याला आधी एक पायाचं वर्ष करावं लागतं, मग ती तीन. रडू नकोस, तुझ्यासारख्या सगळ्यांनाच आहे. अर्जाला दार एकच, कॉम्प्युटरवर, आणि त्यात पाच ठिकाणांची नावं देता येतात. शिक्षकांचं एक पत्र लागतं. आणि हाच विषय का, हे तू स्वतः लिहायचं. पटलं तर जागा देतात, पण अट घालून: इंग्रजीच्या परीक्षेत एवढे एवढे मिळव, मग जागा खरी. त्यानंतर मुलाखत, मग त्यांचं पत्र, मग व्हिसा.

प्रत्येक पायरीवर एक माणूस बसलेला आहे. त्याला तुझा राग नाही आणि लोभही नाही. त्याला फक्त नियम ठाऊक. आपला कारकून आधी शिव्या देतो आणि मग ऐकतो. इथला शिवी देत नाही आणि ऐकतही नाही. मला याची सवय व्हायला दहा वर्षं लागली.

आणि मी शाळेत आहे म्हणून घरी सांगितलंय ना, ती शाळेच्या भटारखान्यात आहे. बटाटे सोलते. तुझे आतोबा वारले तेव्हापासून तेच करते. हे तुझ्यापाशीच ठेव, दादाला उगाच वाईट वाटेल.

जानेवारी संपायच्या आत ते दार बंद होतं. चल, लाग कामाला.

आत्या


अमारा, ८ जानेवारी २०२२

आत्या, दोन्ही कागद पाठवतेय. सित्त नझीहा, आमच्या मुख्याध्यापिका, यांनी पत्र दिलं: "ही कन्या थोर घराण्यातली असून तिचे आजोबा तीनदा हजला गेले होते. ती मान खाली घालून चालते. सहा वर्षांत तिचा आवाज वर्गाबाहेर गेलेला नाही." बाबांना इतकं आवडलं की त्यांनी झेरॉक्स काढून काकांना दिली.

माझं मी असं सुरू केलंय: "ज्ञानाचा दीपस्तंभ असलेल्या आपल्या थोर विद्यापीठाच्या चरणी ही गरीब विद्यार्थिनी नम्र विनंती करते की..." यापुढे काय लिहायचं सुचत नाही.

हनादी


बार्न्सली, ११ जानेवारी

हनादी, हे वाचून मी हसले आणि मग घाबरले.

मान खाली घालून चालते, हे वाचून इथले लोक तुला हाडांच्या डॉक्टरकडे पाठवतील. आणि आवाज वर्गाबाहेर गेला नाही? बयो, त्यांना आवाजवालीच पाहिजे! सित्त नझीहांना सांग, आजोबांना कबरीत सुखानं झोपू द्या. वर्गात हनादीनं असा कुठला प्रश्न विचारला ज्याचं उत्तर तुम्हाला आलं नाही, तेवढं लिहा. रुसतील. रुसू देत.

आणि तू! चरण बिरण आधी काढून टाक. त्यांना विनंती नको आहे. कुणाच्या पायाशी बसून जागा मिळत असती तर आपण इराकी लोकांनी सगळ्या जागा पटकावल्या असत्या. त्यांना विसरून जा, मला सांग. मी तुझी आत्या, बटाटे सोलता सोलता विचारतेय: पाणीच का गं? जे सांगशील तेच लिही.

आत्या


अमारा, २७ मार्च

आत्या! आत्या! जागा मिळाली! दोघांनी नाही म्हटलं, दोघांचं अजून काही नाही, पण एकानं हो म्हटलं. अट आहे इंग्रजीची. परीक्षा बसऱ्याला मे महिन्यात.

मी काय लिहिलं होतं ते तुला दाखवलं नाही, लाज वाटत होती. आता सांगते. तुला आजीची म्हैस आठवते का, कपाळावर पांढरा ठिपका असलेली? ती दलदलीतलं खारं झालेलं पाणी पिऊन आंधळी झाली. मी तेव्हा दहा वर्षांची होते. आजी तिला हाक मारायची आणि म्हैस आवाजाच्या दिशेनं पाण्यात चालत जायची, भलत्याच बाजूला. मी विचारलं, पाणी खारट कशानं झालं? आजोबा म्हणाले, अल्लाहची मर्जी. काका म्हणाले, तुर्कांचं धरण. मास्तर म्हणाले, हे अभ्यासक्रमात नाही. तिघांपैकी एकानंही पाणी मोजलं नव्हतं. मला मोजायचंय. बस, एवढंच लिहिलं.

बाबांनी बकरा कापला. गल्लीत प्रत्येक घरी कलेजा वाटला, वर प्रत्येक दारात तीच गोष्ट, "म्हशीवर जागा मिळाली हो माझ्या पोरीला, म्हशीवर!" काका म्हणाले, "अट आहे म्हणजे अर्धीच पास." पण बकरा खाल्ला त्यांनी. सज्जादनंही खाल्ला. तो वाईट नाही आत्या. तेल कंपनीच्या फाटकावर बसतो, मोबाईल बघतो, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. वाईट असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

हनादी


बार्न्सली, २ जुलै

माझी राणी, इंग्रजीचं झालं, आता जागा तुझी झाली असं समजायला हरकत नाही. फोनवर दादा रडत होता आणि मला म्हणत होता जनरेटरच्या धुरानं डोळे चुरचुरतात. मागची खोली मी रिकामी केली. भिंतीला रंग दिला, पिवळा, कारण इथं सूर्य कमी दिसतो.

एकच पायरी राहिली, ती मुलाखतीची. व्हिसाचं पत्र देण्याआधी त्यांचा माणूस कॉम्प्युटरच्या पडद्यावर तुझ्याशी बोलेल. ही मुलगी खरंच शिकायला येतेय का, लिहिलंय ते तिनंच लिहिलंय का, एवढं त्यांना बघायचं असतं. पैसे घेऊन दुसऱ्याच्या तोंडून उत्तरं देणारे फार झालेत, त्यामुळे ते डोळ्यांत तेल घालून बसतात.

हे नीट ऐक. खोलीत तू एकटी. दार बंद. समोर कागद नाही. कुणी आत नाही, कुणी बाजूला नाही, बापसुद्धा नाही. जब्बार म्हणेल, परक्या पुरुषाशी बंद दाराआड पोरगी बोलणार कशी. त्याला म्हणावं, तो पुरुष साडेचार हजार किलोमीटरवर बसलाय, हात किती लांब आहेत बघ त्याचे.

आत्या


अमारा, १५ जुलै

आत्या, झाली एकदाची! आणि इतकी मजा आली की तुला कधी सांगते असं झालंय.

आधी काकांनी तमाशा केलाच. मग बाबांनी कुराणावर हात ठेवून सांगितलं, "मी शेजारच्या खोलीत बसतो, दाराकडे पाठ करून." सकाळपासून त्यांनी लग्नातला सूट घातला होता. या उन्हात! मी म्हटलं, "बाबा, तुम्ही दिसणारच नाही आहात." म्हणाले, "घरी पाहुणा येणार आणि मी लेंग्यावर बसू?"

पडद्यावरचा माणूस चांगला होता, पिकल्या केसांचा. आधी म्हणाला, कॅमेरा फिरवून खोली दाखव. दाखवली. कुणी नव्हतं. मग विचारलं, पायाच्या वर्षात कोणते विषय, राहणार कुठे, परत जाऊन काय करणार. मी न अडखळता सांगितलं. तुझ्या पिवळ्या खोलीचंसुद्धा सांगितलं. मग त्यानं विचारलं, "तुला या विषयाची ओढ कशी लागली?" आणि मी तोंड उघडणार तेवढ्यात दार उघडलं.

बाबा! हातात तबक, तबकात चहाचे दोन पेले, आजीच्या सोनेरी काठाचे. एक माझ्यासमोर ठेवला आणि दुसरा, तू हसशील, कॅमेऱ्यासमोर. त्या साहेबासाठी! छातीवर हात ठेवून वाकले आणि आठवडाभर पाठ केलेलं इंग्रजी म्हणाले, "वेलकम, मिस्टर. माय हाऊस, युअर हाऊस." नंतर मला सांगत होते, "अर्धा तास त्याचा आवाज ऐकतोय, बिचारा कोरड्या घशानं बोलतोय. आपल्या घरात आलेला माणूस चहाशिवाय कधी गेलाय का? लोक तोंडात शेण घालतील." जाता जाता माझ्या कानाशी वाकून आपल्या भाषेत म्हणाले, "म्हैस सांग! त्याला म्हैस सांग!"

साहेब हसला. म्हणाला, "ते काय म्हणाले?" मी म्हटलं, "म्हशीबद्दल सांग म्हणाले." तो पुन्हा हसला, काहीतरी लिहिलं, आणि म्हणाला, आज आपण इथंच थांबू, तुमचे आभार. म्हशीपर्यंत पोचलोच नाही! पण तो नाराज नव्हता. बाबांना त्यानं हात हलवून निरोपसुद्धा दिला. बाबांनी आख्ख्या गल्लीला सांगितलंय, इंग्रज भला माणूस आहे.

हनादी


बार्न्सली, १५ जुलै

हनादी, आत्ताच्या आत्ता कळव. बाबा आले त्याआधी साहेबानं नियम वाचून दाखवले होते का? ते आल्यावर तू त्याला सांगितलंस का, की ते फक्त चहा द्यायला आलेत? थांबण्याआधी त्यानं नेमके काय शब्द वापरले ते आठवून लिही. मी उद्या सकाळी युनिव्हर्सिटीत फोन करते.

दादाला यातलं काही बोलू नकोस.

आत्या


अमारा, २८ जुलै

आत्या,

उत्तर आलं. तुला वाटलं होतं तसंच आलं. "मुलाखतीदरम्यान खोलीत दुसरी व्यक्ती उपस्थित होती व त्या व्यक्तीनं उमेदवाराला उत्तर सुचवलं. आम्ही या वर्षी आपल्याला पत्र देऊ शकत नाही." शेवटी लिहिलंय, पुढच्या वाटचालीला शुभेच्छा.

मी दहा वेळा वाचलं. कुठेच खोटं नाही त्यात. दुसरी व्यक्ती होती. सुचवलं होतं.

बाबा बाजारात गेले होते, माझ्यासाठी मोठी बॅग आणायला. लाल आणली, विमानतळावर पटकन ओळखू येईल म्हणून. आता दोन-तीन दिवसांत मुहर्रम लागतो.

काय करू गं?


बार्न्सली, ६ ऑगस्ट

पोरी,

मी तिथं जाऊन आले. बसनं, मग ट्रेननं. काचेच्या खिडकीपलीकडे एक मुलगी होती, तुझ्याहून थोडीच मोठी. तिनं मला खुर्ची दिली, पाणी दिलं, पूर्ण ऐकून घेतलं. मी सांगितलं, अहो, तो बाप आहे, चहा घेऊन आला होता, आमच्यात पाहुणा तसा बसवून ठेवत नाहीत. तिचे डोळे भरून आले, खोटं नाही सांगत. आणि म्हणाली, "मला समजतं, पण नियम सगळ्यांना सारखा आहे." मग तिनं मला दारापर्यंत पोचवलं. एवढं गोड बोलून माझं कुणी काही नाकारलं नव्हतं. त्यापेक्षा आपला शिव्या देणारा कारकून परवडला.

पुढच्या वर्षी नव्यानं अर्ज करता येईल, असं म्हणाली. एका वर्षाचा प्रश्न आहे. दादाला खरं सांग. तो जब्बारच्या पाया पडेल, एक वर्ष मागून घेईल. सांग त्याला. तू नाही सांगत तर मी सांगते.

आत्या


अमारा, १० ऑगस्ट

आत्या, तू सांगायचं नाहीस. माझ्या आईच्या कबरीची शपथ आहे तुला.

काका वर्ष देणार नाहीत. मी आडून विचारून बघितलं. म्हणाले, शब्द म्हणजे शब्द. मग बाबांना सांगून मिळणार काय? आई दवाखान्यात गेली तेव्हा बाबा पाच मिनिटं नमाजाला बाहेर गेले होते, आणि तेवढ्यात ती गेली. अजून ते स्वतःला माफ करत नाहीत. आता वर हे? जो माणूस दर वर्षी अरबईनच्या यात्रेला करबलापर्यंत चालत जाणाऱ्यांना चहा पाजण्यासाठी स्वतःचं दुकान बंद ठेवतो, त्याला मी सांगू, बाबा, तुमच्या चहानं माझं वाटोळं केलं? ते आपले हात तोडून घेतील.

मी त्यांना सांगितलंय की पत्र आलंय, जागा पक्की आहे, पण माझंच मन बदललं. परक्या देशाची भीती वाटते, मला नाही जायचं.

त्यांना आधी समजलंच नाही. म्हणाले, "कोण म्हणालं?" मी म्हटलं, "मी." मग ते बराच वेळ लाल बॅगेकडे बघत बसले. नंतर उठून बाहेर गेले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

तोंड दाबून बुक्क्यांचा मार आहे हा. पण मार मी खाल्लेला बरा.

हनादी


अमारा, २१ सप्टेंबर

इब्तिहाल,

मला मोबाईलवर लिहायला वेळ लागतो, चुकलं तर समजून घे. फोनवर हे बोलता येणार नाही.

तुझ्या भाचीनं मला तोंड दाखवायला जागा ठेवली नाही. तिच्यासाठी मी बापाच्या जागी असलेल्या भावासमोर आवाज चढवला. नदीकाठचा तुकडा विकला. साऱ्या गावाला सांगितलं, काझिमची पोरगी पाणी मोजायला चालली. आणि ही म्हणते, मन नाही! आता जब्बार मला रोज विचारतो, "काय काझिम, म्हैस कुठपर्यंत पोचली?" 

महिना झाला मी तिच्याशी बोललेलो नाही. ती ताट वाढते, मी उठून दुकानात जातो. या वर्षी चहाच्या मांडवात उभा राहिलो, पण कुणाला हसून या म्हणता आलं नाही. निकाह ठरला आहे, सफर संपून रबीउल अव्वल लागला की. मी जब्बारला सांगितलंय, पोरीचा हात देणारा वली म्हणून तूच उभा राहा. मी जाणार नाही.

माझ्या डोक्यात एक किडा आहे. ती भित्री नाही. लहानपणी साप बघायला धावत जायची. मग घाबरली कशाला? तो मुलाखतीचा साहेब तर देवमाणूस होता, मी स्वतः बोललो त्याच्याशी. माझं काही चुकलं का गं? तू तिथं आहेस, तुला काही माहीत असेल तर सांग. खरं सांग. मी सहन करीन.

काझिम


बार्न्सली, २४ सप्टेंबर

काझिमदादा,

तू खरं मागितलंस, घे. मी तिला येऊ नको म्हणाले.

तुला वाटलं होतं बहीण तिथं वाट बघतेय. फोनवर मी तसंच बोलत होते, कारण सगळे ऐकत असतात. मागून मी तिला लिहिलं, की बाई गं, मी एकटी राहते, मला माझी सवय झालीय. तरण्या पोरीची जबाबदारी मला नको. उद्या तिचं काही कमी-जास्त झालं तर जब्बार माझ्या नावानं बोंब मारेल. मी तिला म्हणाले, आलीस तर माझ्या दारात येऊ नकोस. आणि हेही म्हणाले, की हे बापाला कळलं तर तो माझं तोंड बघणार नाही, तेव्हा तूच नाही म्हण. तिनं माझी अब्रू राखायला सगळं आपल्यावर घेतलं. शपथ घातली होती मी तिला, आईच्या कबरीची.

तुझं काही चुकलं नाही. तू पाहुण्याशी वागलास ते आपल्या बापानं शिकवलं तसंच वागलास.

आता शिव्या द्यायच्या त्या मला दे. मी लांब आहे, माझ्यापर्यंत येईस्तोवर तुझा राग निवेल. पण तिच्याकडे जा. वली म्हणून तूच उभा राहा, जब्बारला ती जागा देऊ नकोस. तिचा हात दुसऱ्याच्या हातात द्यायचाच आहे, तर तो तुझ्या हातातून जाऊ दे.

मला उत्तर लिहू नकोस. मी वाचणार नाही.

इब्तिहाल


अमारा, १६ ऑक्टोबर

आत्या,

हे शेवटचं. लॅपटॉप सज्जादच्या बहिणीला द्यायचं ठरलंय.

निकाहाआधीचं बाबांचं सांगते. तुझं पत्र वाचून ते सरळ स्वयंपाकघरात आले आणि माझ्या पायाशी बसले. मी कांदा चिरत होते. म्हणाले, "पोरी, मला माफ कर, मी तुला ओळखलं नाही." मला काही समजेना. मग त्यांनी मोबाईल पुढे केला. मी वाचलं. शेवटपर्यंत वाचलं आणि त्यांना म्हटलं, "हो बाबा. असंच झालं."

काय करणार होते मी? तू सगळे दरवाजे आतून लावून घेतलेस.

निकाहात तेच उभे राहिले. पांढरा पायघोळ दिशदाशा, त्यावर तो सूटचा कोट. लोकांना सांगत होते, "आपलेच दात आपलेच ओठ. माझ्या बहिणीनं पोरीची वाट तोडली." भिंतीवरचा तुझा लग्नातला फोटो त्यांनी उतरवला. तुझा फोन आला तर घेणार नाही, असं माझ्याकडून वचन घेतलं. मी दिलं.

सज्जाद बरा आहे. त्यानं विचारलं, तुला काय आवडतं? मी म्हटलं, काही नाही.

काल बाबा इकडे आले होते, भाजलेला मासा घेऊन. जाताना दारात उभे राहिले, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "माझ्यामुळे तुझं काही अडलं नाही ना पोरी, एवढंच समाधान आहे बघ मला."

मी म्हटलं, "नाही बाबा."

हनादी